सीटखालची डबी

नेर्लिसची टॅक्सी रात्रभर उभी राहिली, की सकाळी बॅटरी उतरलेली असायची. नवी बॅटरी घातली, तरी तेच. नवरा दागोबेर्तो शेजाऱ्यांदेखत हसायचा, “बाईसाहेब दिवे बंद करायला विसरतात, आणि म्हणे टॅक्सी चालवतात!”

शेवटी ती बारांकिया शहरातल्या माझ्या गॅरेजात आली. गाडी बंद करून मी बॅटरीला मीटर लावला, तर वीज खर्च होतच होती. एकेक फ्यूज काढून पाहिला. रेडिओचा काढताच मीटरचा आकडा खाली आला. तो परत बसवून त्या वायरचा माग काढत गेलो, तर ड्रायव्हरच्या सीटखाली चिकटपट्टीने बांधलेली डबी सापडली. आत सिमकार्ड आणि बारीकसा माइक.

“ताई, गाडी कुठे जाते ते ही डबी कळवते. आत काय बोलता, तेही.”

नेर्लिसने वाकून डबी पाहिली. आईच्या आजाराबद्दल बहिणीशी ती याच गाडीतून फोनवर रडत बोलायची; घरी मात्र कधी रडायची नाही.

“शी! परवा जेवताना नवरा म्हणाला, ‘आईसाठी इतकी रडू नकोस.’ मला वाटलं, माया आहे. आंघोळ करताना कुणी फटीतून बघावं, तसं वाटतंय.”

“वायर कापू?”

“थांबा, भाऊ.” तिने डबी तोंडाशी धरली. “दागोबेर्तो, ऐकतोयस ना? किळस येते मला तुझी. मी बहिणीकडे राहायला चाललेय.”

मग पक्कड घेऊन तिनेच वायर तोडली.

संध्याकाळी दागोबेर्तो आला. बायको कुठे आहे, कशी आहे, काही विचारलं नाही. डबी परत मागत होता. ती जिथे फेकली होती, ते गटार मी त्याला दाखवलं.