ग्रुपवर पिन केलेली किल्ली

अंबरनाथ पश्चिमेला कैलासचं छोटंसं ऑफिस, गिऱ्हाइकांचे सर्व्हर सांभाळणारं. तिथे या सर्व्हरचं टोकन व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवलेलं असे, चहाच्या पाळीच्या यादीच्या जोडीला. टोकन म्हणजे लांबलचक अक्षरांची किल्ली. ती ज्याच्या हाती, तो सर्व्हर चालू करील, बंद करील, नाहीतर पुसूनही टाकील. आपण सगळे घरचेच, असं कैलास कौतुकाने सांगे. आपल्याही घरचा वायफायचा पासवर्ड असाच गावभर असतो की नाही?

एका दुपारी उल्हासनगरच्या कापडवाल्याचा सर्व्हर साफ पुसला गेला. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण केलं कोणी? नोंदीत नाव एकच, ऑफिसचं! मग काय, सगळ्यांच्या नजरा भूपेशकडे वळल्या, कारण त्याने नुकताच राजीनामा दिला होता. बिचारा शपथा घेऊन थकला. नव्या कंपनीने विचारलं तर झालेलं सगळं सांगेन, असं कैलासने त्याला तोंडावर बजावलं. त्याचा चेहरा पार उतरला.

कात्रपहून येणारी किर्ती तिथली जुनीजाणती इंजिनिअर, मोठी धीराची बाई. हे टोकन रद्द करून प्रत्येकाला वेगळं देऊ या, असं तिने सुचवलं. कैलासला ते चांगलंच झोंबलं.

"म्हणजे माझा माझ्या माणसांवर विश्वास नाही, असंच ना?"

"उलट आहे, दादा. किल्ली सगळ्यांची असली की चूक कुणाच्याही गळ्यात मारता येते. ज्याची त्याला दिली, की प्रामाणिक माणसाला शपथा घ्याव्या लागत नाहीत."

कैलास नाइलाजाने हो म्हणाला. आणि काय तिचा हात! सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामकडून हुकूम घेणाऱ्या खिडकीला, एकेक विनंती पाठवत तिने प्रत्येकाच्या नावाचं टोकन काढलं. ज्याला नुसतं बघायचंय त्याला बघण्यापुरतंच, आणि प्रत्येकाला मुदत. मग जुनं रद्द केलं.

थोड्याच वेळात कैलासच्याच लॅपटॉपवर लाल अक्षरं आली: परवानगी नाही. चाचणीचे जुने सर्व्हर आपोआप पुसणारा एक प्रोग्राम त्याने कधीकाळी त्याच जुन्या टोकनवर लावला होता आणि पार विसरला होता. कापडवाल्याच्या सर्व्हरचं सुरुवातीचं 'चाचणी' हे नाव कुणी बदललंच नव्हतं. बॅकअपवरून उभा केलेला तोच सर्व्हर हा प्रोग्राम पुन्हा पुसायला निघाला होता!

सगळ्यांदेखत कैलास भूपेशपाशी गेला.

"चुकलो रे मी. तुझ्या नव्या कंपनीला मी स्वतः फोन करतो, माणूस सोन्यासारखा आहे म्हणून सांगतो."

भूपेशने डोळे पुसले. मग किर्तीला म्हणाला, "मॅडम, माझ्या टोकनला माझ्या इथल्या शेवटच्या दिवसाचीच तारीख टाका. मागे कुणी माझं नाव घ्यायला नको."

मंडळी, वेगळी किल्ली देण्यात अपमान कसला? सगळ्यांची मिळून एकच किल्ली ठेवली, तर उद्या संशय एखाद्या निर्दोष माणसाच्याच दारात जाऊन बसतो. आज घरी, ऑफिसात एकदा बघाच, आपली कुठली किल्ली अशी गावभर फिरतेय.