चिंध्यांच्या गाठी

काशीने दातांनी ओढून गाठ सोडवली आणि चिंधी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली. फियाटच्या डिकीत अशा तीन चिंध्या होत्या. एकीच्या कोपऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाने मारलेल्या गाठी, नखांना दाद देत नव्हत्या.

आज राहीला आणायचं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण रत्नागिरीच्या इस्पितळात झालं होतं. नात एस्टीतून येणार नाही, आजोबाच्या गाडीतून पूर्णगडला येईल, हे तिच्या नवऱ्याने, आत्मारामने, कालच जाहीर केलं होतं. काशीने तेव्हा नुसती मान हलवली. डिकीत बाळाची दुपटी जाणार, त्यांच्या शेजारी तेलकट चिंध्या नकोत, म्हणून ती सकाळीच धुवायला बसली होती. आणि हात कामात असले की मन जरा गप्प राहतं.

तिने चिंध्या पिळून अंगणाच्या दगडी गडग्यावर पसरल्या. गडग्याचा एक चिरा निखळून खाली पडला होता. तिने तिकडे बघितलं नाही.

काचेसाठी.

ओला पेपर फिरवायचा, मग सुका. पावसात काचेवर तंबाखू चोळायची, पाणी धरत नाय. वायपर कशाला झिजवायचा?

आत्माराम हे कुणालाही सांगायचा, पावस गावच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनासुद्धा. त्याची फियाट जुनी होती, पण खाऱ्या वाऱ्यात राहूनही तिला गंजाचा डाग नव्हता. लग्नाचं, दवाखान्याचं भाडं असलं की लोक त्यालाच बोलवायचे. गाडी पुसता पुसता तो बोलत राहायचा आणि माणसं ऐकत उभी राहायची.

रेडिएटरसाठी.

बारीक गळती असेल तर चमचाभर हळद. बायकोच्या डब्यातली चालते. तिला सांगायचं नाय.

चिरा पडला त्या दिवशी गाडी मागे घेताना मध्ये शेळी आली, असं आत्माराम म्हणाला होता. काशी दारातच उभी होती. शेळी नव्हती. पण शेजारचा बाबल्या विचारायला आला तेव्हा तीही म्हणाली, शेळीच होती, काळी.

त्यानंतर त्याने तिन्हीसांजेनंतरची भाडी सोडली. दिव्यांनी बॅटरी खाल्ली जाते म्हणाला. समोरून एस्टी आली की तो गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबायला लागला. टायर वाचतात म्हणाला. राहीच्या नवऱ्याचं पत्र आलं, तर तूच वाच, तुझा आवाज बरा, म्हणाला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारणात काही ना काही वाचत होतं. काशी ती कारणं ऐकायची, पटवून घ्यायची, आणि भाकरी थापताना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची.

डिकीसाठी.

जहाजावरचा नियम. जॅक डावीकडे, पाना उजवीकडे, चिंध्या कोपऱ्यात. हात गेला की वस्तू हाताला लागली पायजे. शोधत बसलास तर समुद्र थांबत नाय.

ऊन चढलं तशा चिंध्या वाळल्या. काशीने त्यांच्या घड्या घालून त्या पुन्हा कोपऱ्यात ठेवल्या. आत्माराम अंघोळ करून आला, अंगात इस्त्रीचा सदरा. बादलीभर पाण्यात त्याने सबंध गाडी धुतली, थेंब वाया न घालवता, टपापासून खाली. बाबल्या विडी ओढत समोरच्या पारावर बसला होता. तो पूर्वी ट्रक चालवायचा, आणि आत्मारामला त्याच्या जहाजावरच्या हुद्द्यानेच हाक मारायचा.

"तांडेल, नातीला आणताय की मुंबैचा नवरदेव?"

"नवरदेवाला एस्टी चालते."

मग बाबल्याने, मी येऊ का चालवायला, म्हणून विचारलं. ट्रक सोडल्यापासून हात शिवशिवतायत म्हणाला. काशी हातातलं काम टाकून दारात आली. पण आत्माराम हसला. तू ट्रकवाला, माझ्या गिअरचा जीव घेशील, असं म्हणून तो डिकीकडे वळला.

त्याचा हात बरोबर कोपऱ्यात गेला. बोटं पहिल्या चिंधीच्या कडेवरून फिरली. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. पुन्हा पहिलीच्या, चारी कोपऱ्यांवरून. त्याने एक चिंधी नाकाशी नेली. तिन्हींना सोड्याचाच वास होता.

काशी उंबऱ्यावर उभी होती. नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. एक चिंधी काचेची, तिच्याच जुन्या लुगड्याची, पांढरी. एक निळी. आणि एक इंजिनची, कितीही धुतली तरी काळीच राहिलेली, ग्रीस सोड्याला हार गेलं नव्हतं. अंगणात लख्ख ऊन होतं.

आत्मारामने काळी उचलली.

तो काच पुसायला लागला. नेहमीसारखाच, वरून खाली, मग कडांना गोल. ओल्या काचेवर राखाडी फराटे उठले. त्याने ते घासले, ते पसरले. तो वाकून काचेवर फुंकर घालत होता आणि पुन्हा पुसत होता. हळूहळू सबंध काच धुरकट झाली. पलीकडचं स्टिअरिंगसुद्धा दिसेना.

"बघ गो," तो मागे सरून म्हणाला. "कशी झाली?"

पारावरून बाबल्या बघत होता. विडी त्याच्या बोटांत तशीच राहिली होती.

पावसच्या रस्त्याची वळणं काशीला एकामागून एक आठवली, आणि त्या वळणांवर राहीच्या मांडीवरचं, अजून नाव न ठेवलेलं बाळ. बोलायला गेलं तर काय बोलायचं? आणि बाबल्यासमोर?

"ओलसर हायत अजून त्या," ती म्हणाली. "द्या हिकडं."

तिने त्याच्या हातातली चिंधी घेतली, डिकीतल्या उरलेल्या दोन घेतल्या आणि पायरीवर बसली. पांढरीला तिने एक गाठ मारली. निळीला दोन. काळीला तीन. पदराच्या टोकाला मारायची तसली साधी गाठ, तिला दुसरी येत नव्हती. मग आत जाऊन तिने चुलीतली चिमूटभर राख आणली. तेलकट काचेला राख, हेही त्याचंच सांगणं.

तिने पांढरी चिंधी त्याच्या हातात दिली.

त्याचा अंगठा कोपऱ्यावर गेला आणि थांबला. गाठीवरून तो एकदा फिरला, पुन्हा फिरला. त्याची गाठ नव्हती ती. आत्मारामने तोंड खाडीकडे वळवलं, वाऱ्याचा अंदाज घ्यावा तसं.

मग त्याने हात पुढे केला. काशीने तळव्यावर राख ठेवली. तो काच पुसायला लागला, सावकाश, एकही कोपरा न सोडता.

"दिसतंय आता?" त्याने विचारलं.

"दिसतंय."

"सगळं?"

"व्हय. पलीकडचा माडसुद्धा."

त्याने चिंधीची घडी घातली आणि ती जागेवर ठेवली. सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून तो ती बोटांत फिरवत राहिला.

"बाबल्या हाय काय गो अजून?"

"हाय. पारावरच."

"त्याला म्हणावं, गिअर हळू टाक. दुसरा जरा अडतो."

बाबल्या आला. एरवी दहा टोमणे मारणारा माणूस, पण त्याने मुकाट्याने किल्ली घेतली. आत बसायला गेला तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पार पुढे ओढलेली होती, नाक काचेला टेकेल इतकी. त्याने एकवार काशीकडे बघितलं, सीट मागे सरकवली आणि इंजिन सुरू केलं.

आत्माराम टपावर हात ठेवून गाडीच्या कडेकडेने चालत गेला आणि मागचं दार उघडून बसला. काशी दुपट्यांचं बोचकं घेऊन दुसऱ्या बाजूने बसली. गाडी पडलेल्या चिऱ्याला वळसा घालून रस्त्याला लागली.

मागच्या सीटसाठी.

इथे त्याने कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो तिथे बसलाच नव्हता.

चढाला लागल्यावर आत उकडायला लागलं. आत्मारामचा हात दारावरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"ह्या बाजूची काच कुठून उघडते गो?"

काशीने बोचकं मांडीवरून खाली ठेवलं. त्याचा हात धरला आणि काच फिरवायच्या मुठीवर नेऊन ठेवला.