चारात एक

करमाडच्या शाळेत पुंजाराम सर बावीस वर्षं गणित शिकवत होते आणि संभाव्यतेचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. फळ्यावर ते झाड काढत. एका टिंबातून दोन फांद्या, छापा नि काटा. प्रत्येक फांदीला पुन्हा दोन. शेंड्यापर्यंत गुणत जायचं, की उत्तर हातात. "पहिल्यांदा छापा पडला म्हणून आता काटाच पडणार असं म्हणणारा गाढव," डस्टर आपटून ते सांगत. "नाण्याला काय मागचं आठवतं व्हय?" पोरं हसायची, पण मार्क पाडायची. त्यांची स्वतःची पोरगी कावेरी याच वर्गात शिकली आणि दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव घेऊन आली.

आता एवढ्या शहाण्या माणसानं काय करावं? तर पोरगी दिली सख्ख्या बहिणीच्या घरात. भागूबाई त्यांची थोरली बहीण आणि तिचा पोरगा बन्सी शेंद्र्याच्या कंपनीत कायम झालेला. कावेरी म्हणाली होती, "तात्या, इतक्या जवळच्या नात्यात नको. विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलंय." सर म्हणाले, "पुस्तकं मला शिकवू नको. आत्याच्या घरात पोरगी सुखात राहती." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. झालं लग्न.

वर्षभरात ईश्वरी जन्मली. सहा महिन्यांची झाली तशी पोर पांढरीफटक पडत गेली, दूध पिईना झाली, पोट फुगलं. शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा नाव कळलं, थॅलेसेमिया. अंगात रक्तच नीट तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं आणि ते जन्मभर.

पहिल्यांदा रक्त चढवलं त्या दिवशी कावेरी आत पोरीचा हात धरून बसली होती. बाहेर डॉक्टरीणबाईंनी बन्सी, भागूबाई आणि सरांना थांबवून सांगितलं, "आई आणि बाप, दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला आहे. त्यांना स्वतःला त्रास नाही. पण मूल होताना चारात एक असं धोक्याचं प्रमाण आहे. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच या. मूल पोटात असतानाच तपासता येतं. कावेरीला हे नीट समजावून सांगा."

कावेरीला पोरीजवळ ठेवून तिघं क्रांती चौकातून करमाडच्या गाडीत बसल्यावर भागूबाईनं डोळे पुसले. म्हणाली, "चारात एक म्हणली ना बाई? मंग आपला एक होऊन गेला. टँकरचं कसं असतं, चार गल्ल्यांत एकदा आपला नंबर लागला की बाकीच्या तीन होईस्तोवर आपल्याकडं येत नाय. तसं हाय हे. आपला नंबर लागून गेला, बन्सी. आता तीन लेकरं धडधाकट."

"व्हय, आये," बन्सी म्हणाला. त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड आला.

आणि पुंजाराम सरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. बावीस वर्षं ज्या गाढवपणावर डस्टर आपटलं, तोच गाढवपणा शेजारच्या सीटवर बसून बोलत होता आणि हा बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिला. भीती वाटत होती त्यांना, दुसरं काही नाही. दर खेपेला चारात एक, असं आक्काला सांगितलं तर ती म्हणणार, मंग मी बन्सीला दुसरी बघते. नाहीतर विचारणार, हे लग्न जमवलं कुणी? शाळेत मधल्या सुट्टीत त्यांनी वहीच्या मागच्या पानावर झाड काढून बघितलं. मूल चांगलं निघायची शक्यता चारात तीन. म्हणजे पंचाहत्तर टक्के. पंचाहत्तराला तर आपण पोरांना पेढे मागतो, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

ईश्वरी तीन वर्षांची असताना कावेरी माहेरी आली. अंगणात मेथी निवडता निवडता म्हणाली, "तात्या, मला दिवस गेलेत. दीड महिना झालाय."

सरांनी मेथीची एक जुडी पुढं ओढली आणि निवडायला घेतली.

"आत्या म्हणतात, आपला नंबर लागून गेला. मला ते पटत नाही. रक्त चढवायला जाते तेव्हा नुसत्या सिस्टरच भेटतात. डॉक्टरीणबाई त्या दिवशी नेमकं काय म्हणाल्या होत्या?"

अजून वेळ होता. तपासायला वेळ होता, ठरवायला वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, आणि ते वाक्य तर त्यांना झोपेतही पाठ होतं.

"आत्या म्हणते तसंच," सर म्हणाले.

"नक्की ना?"

"गणिताचा मास्तर मी हाय का तू?" ते खेकसले. कावेरीनं मान खाली घातली आणि मेथीची पानं खुडत राहिली. सर उठून चपला घालून उगीचच पारापर्यंत जाऊन आले.

दुसरीही मुलगीच झाली. गोरीपान, गुटगुटीत. भागूबाईनं बारशाला गल्लीभर घुगऱ्या वाटल्या. पाच महिने सगळं सोन्यासारखं चाललं होतं. सहाव्या महिन्यात कावेरीनं पोरीची खालची पापणी खाली ओढून बघितली आणि तशीच तिला घेऊन दवाखाना गाठला.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती हातात एक कागद घेऊन. बाकड्यावर भागूबाई ईश्वरीला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी सर. भागूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लागोपाठ दोन नंबर कसे लागले गं? पण जाऊ दे. दोन झाले. आता राहिलेले दोन तरी..."

"तात्या, आत्यांना सांगा," कावेरी म्हणाली.

तिनं कागद सरांच्या पुढं धरला. डॉक्टरीणबाईंनी पेनानं झाड काढलं होतं. आईकडून चांगलं किंवा बिघडलेलं, निम्मं निम्मं. बापाकडूनही तसंच. निम्मे गुणिले निम्मे, चारात एक. खाली लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं, 'प्रत्येक वेळी नव्यानं.'

"दर खेपेला चारात एकच असतं, आक्का," सर म्हणाले. "आधी काय झालं त्याच्याशी पुढच्याचा संबंध नसतो."

भागूबाईनं डोळ्यावरचा पदर काढला. "तुला हे तवाच ठावं होतं, पुंजा?"

"व्हय."

कावेरी रडली नाही. कागदाची घडी घालत सावकाश म्हणाली, "त्या दिवशी माहेरून घरी गेल्यावर मी वही घेऊन बसले होते, तात्या. झाड काढायला घेतलं होतं. दोन फांद्या काढून झाल्या होत्या. मग म्हटलं, तात्यांनी सांगितलंय ना, त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतंय का? आणि पान फाडून चुलीत टाकलं."

  

आतून सिस्टरनं रक्त चढवायला ईश्वरीचं नाव पुकारलं, मग धाकटीचं. कावेरीनं धाकटीला खांद्यावर घेतलं, ईश्वरीचं बोट धरलं आणि आत निघाली. सर मदतीला उठले.

"तुम्ही बसा," ती म्हणाली.