हिरव्या दोऱ्याचा कोंबडा

आढ्यावरून उंदीर पडला. पडला तो हललाच नाही.

अंबडच्या नाक्यावर दोन शिपाई आणि एक आडवा बांबू.

मुंगसाच्या पंजाला पाच बोटं असतात. रानमांजराची राखेत चारच उमटतात.

पोरीची बांगडी मनगटावरून सुटली आणि थेट कोपरापर्यंत गेली.

डालग्यावर दगड केवढा ठेवावा, यावर बायकांचं कधी एकमत झालेलं नाही.

हिरवा दोरा. तीन पदरी. डाव्या पायाला.

*

उंदीर पडला ते निजामी कालगणनेचं फसली तेराशे चाळीस साल, बहमन महिना. पौष लागायचा होता. दवंडी झाली आणि तिसऱ्या दिवशी गाव रिकामं झालं. अंबडपासून अडीच कोसांवरचं, ऐंशी उंबऱ्यांचं गाव. माणसं रानात गेली, पऱ्हाट्यांच्या भिंती आणि कडब्याचं छप्पर करून राहू लागली. प्लेग आला की असं करायचं हे सगळ्यांना माहीत होतं.

माणसांचं माहीत होतं. कोंबड्यांचं कुणालाच नाही.

गावात कोंबडी खुराड्यात झोपते. खुराड्याला मातीची भिंत असते, तोंडाला फळी असते. रानात नुसतं डालगं, बांबूच्या कामट्यांचं, उपडं घातलेलं. आणि भोवती कोल्हा, रानमांजर, मुंगूस. वरून घार. ओढ्याकाठच्या अकरा झोपड्यांतल्या निम्म्या कोंबड्या पहिल्या आठ दिवसांत गेल्या.

झुंबरबाईची एकही गेली नाही. तिच्या सात कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. डालग्याभोवती तिनं बोराटीच्या काट्यांचा वेढा घातला, वर जात्याची तळी ठेवली, आणि काट्यांच्या बाहेर चुलीतली राख चाळून वीतभर रुंद पट्टा ओढला. सकाळी उठून आधी राख बघायची. बघून नवऱ्याला एकच शब्द सांगायची, "चार." किंवा "पाच." पुंजाराम समजून घ्यायचा आणि त्या बाजूला आणखी काटे टाकायचा.

शेजारची झोपडी कमरबीची. तिचा नवरा कमरोद्दीन हा टेकडीवरच्या पिराचा मुजावर. तो भावाच्या मातीला जालन्याला गेला होता आणि मागे प्लेगचा नाका बसला, म्हणून तिकडेच अडकला. कमरबी एकटी होती. झुंबरबाईची राख बघून ती हसायची. म्हणायची, तहसीलदाराच्या कचेरीलाबी एवढा पहारा न्हाई गं.

*

पुंजाराम-झुंबरबाईला एकच मूल. तुळजी. सात वर्षांची.

रानात आल्याच्या बाराव्या दिवशी तिला ताप भरला. सगळ्यांनी काखा बघितल्या, जांघा बघितल्या. गाठ नव्हती. चार दिवस गेले तरी गाठ आली नाही, तेव्हा जाणत्या बायका म्हणाल्या की हा मुदतीचा ताप, एकवीस दिवस घेणार. बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झुंबरबाईनं नाही टाकला.

त्या संध्याकाळी ती कोंबडा घेऊन टेकडीकडं तोंड करून उभी राहिली. पोरगी उठू दे, उरुसाला हा तुझा. कोंबड्याच्या पायातला नवसाचा हिरवा दोरा कमरबीनं स्वतः वळून दिला होता.

*

राख, त्या एकवीस दिवसांतली:

चार बोटं. ताप. तांबडी गेली.

काही नाही. ताप.

पाच बोटं, भर दुपारी. तुळजी बरळली. पिसं ओढ्यापर्यंत.

चार. चार. ताप.

राख चाळली नाही.

राख चाळली नाही.

*

बाविसाव्या दिवशी ताप उतरून तुळजीचं अंग गार झालं, तेव्हा डालग्याखाली काही उरलं नव्हतं. कोंबडा उरला होता, कारण तो झोपडीत होता. झुंबरबाईनं त्याला तुळजीच्या बाजेच्या खुराला बांधलं होतं. दोरीचा मधला भाग पोरीच्या मुठीत असायचा. कोंबडा चालला की तिचा हात हलायचा, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी खेळतेय.

गयासोद्दीन हकीम अंबडहून तट्टावर आले. नाक्यावर फक्त त्यांना सोडत. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, बांगडी कोपरापर्यंत सरकवून बघितली आणि परत खाली आणली. सांगितलं की ताप गेला, पण अंगात काही राहिलं नाही. दूध पोटात ठरत नाही, पेजही ठरत नाही. कोंबडीची यखनी द्या, कोंबडी उकळून काढलेलं पाणी, दिवसाआड. दिली तर पोरगी उठेल. नाही दिली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. निघताना त्यांची नजर बाजेच्या खुराकडं गेली. तिथल्या कोंबड्याच्या पायातला दोरा दिसला. ते तट्टावर बसले.

कोंबडीसाठी पुंजाराम तीन गावं फिरला. प्रत्येक शिवेवर लोकांनी लांबूनच विचारलं, कुठला? गावाचं नाव सांगितलं की मागं फीर म्हणायचे. एका ठिकाणी धोंडा आला. अंबडला बांबू होता. ओढ्याकाठच्या अकरा झोपड्यांत एक पीस उरलं नव्हतं.

मग त्यानं तुरीत फासे लावले. दुसऱ्या दिवशी एक लावा पक्षी सापडला. मुठीएवढा. झुंबरबाईनं त्याचं पाणी केलं, हळद-मीठ घालून. तुळजी दोन वाट्या प्यायली. पोटात ठरलं. संध्याकाळी तिनं विचारलं, "माय, आणखी हाये का?"

फाशात पुन्हा काही आलं नाही.

*

कोयता. दुपार. पुंजाराम दारात.

झुंबरबाईनं डालगं झोपडीत ओढलं, कोंबडा त्याखाली घातला आणि डालग्यावर बसली.

"ऊठ."

"तुमी आत येऊ नका."

"हकीमानं सांगितलं तेच करून राह्यलो. ऊठ म्हन्तो."

"ताप उतरला तो कशानं उतरला? हकीमानं उतरवला का?" ती म्हणाली. "पोरगी अजून बाजेवर हाये. नवस अजून तसाच हाये. आज ह्याला कापलं आन् उद्या ताप माघारी आला, तर मी कुनाकडं जाऊ?"

"आन् ती अशीच वाळून गेली तर?"

कामट्या तिच्या भारानं करकरल्या. मग ती म्हणाली, "इतके दिस कोल्ह्यापासून राखलं, मांजरापासून राखलं. आता तुमच्यापासून राखू का?"

तुळजी बाजेवरून दोघांकडं बघत होती. पुंजारामनं कोयता कुडात खोचला आणि तो बाहेर जाऊन बसला. त्याला हात लावून तिला उठवता आलं असतं. तो ताकदीचा गडी होता. पण डालग्यावर बसलेल्या त्या बाईला हात लावायचा, तर नवसाला आपणच हात लावला असं झालं असतं, आणि हे त्यालाही वाटत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमरबीकडं गेली. एकटी.

कमरबी भाकरी करत होती. झुंबरबाई दाराशी टेकली आणि बराच वेळ दुसरंच बोलत राहिली, कडब्याचं, ओढ्याच्या पाण्याचं. मग विचारलं, "कमरबी, बदलता येतो का गं? ह्याला आत्ता घेतला, आन् उरुसाला दोन दिले. तीन दिले."

कमरबीनं तव्यावरची भाकर उलटली नाही.

"न्हाई."

"पोरीसाठीच घेनार. माझ्यासाठी न्हाई."

"समजलं मला. बदलू नको, झुंबर. बिलकुल नको."

"मुजावर असते, तर त्यान्ला…"

"ते असते तरी हेच बोलले असते."

भाकर करपल्याचा वास आला. दोघींपैकी कुणीच हात पुढं केला नाही.

*

त्यानंतरचे सहा दिवस.

पेज. बकरीचं दूध. ज्वारीच्या लाह्यांचं पाणी. पुन्हा पेज. चमच्यानं, मग बोटानं, मग ओल्या फडक्यानं.

चौथ्या दिवशी, दिवेलागणीला, कुडाच्या खालून रानमांजर आत आलं. झुंबरबाईच्या मांडीवर तुळजीचं डोकं होतं. कोंबडा ओरडला. मांजरानं त्याला पंखात धरलं होतं आणि मागं सरकत होतं. झुंबरबाईनं पोरीचं डोकं मांडीवरून खाली टाकलं आणि झेपावली. काठी शोधली नाही. मांजराचं मानगूट हातानंच धरलं. त्यानं तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला, तेव्हा कुठं कोंबडा सुटला. मांजर आलं तसं कुडाखालून गेलं.

अकरा झोपड्यांतली माणसं जमली. बायकांनी हळद दाबली. म्हणाल्या, बाईच्या जातीनं असं केलेलं कधी बघितलं न्हाई. कोंबड्याच्या पंखाची चार पिसं गेली होती, बाकी तो धड होता. दोरा तसाच होता.

गर्दी पांगल्यावर तिला पोरीची आठवण झाली. तुळजी बाजेच्या कडेला वाकडी पडली होती, मान मोडल्यासारखी. स्वतःला सरळ करायचं बळ तिच्यात नव्हतं. आईनं उचलल्यावर म्हणाली, "वाचला का?"

"वाचला, बाय."

पोरगी हसली.

सहाव्या दिवशी सकाळी गेली. दोरी मुठीत होती. कोंबडा दाणे टिपत दाराकडं चालला, तेव्हा हात हलला, आणि पुंजाराम धावला.

*

शिमग्याच्या आधी नाका उठला. कमरोद्दीन मुजावर जालन्याहून पायी आला. स्वतःच्या झोपडीत न जाता तो आधी पुंजारामकडं आला आणि जमिनीवर बसला. म्हातारा माणूस, चालून पाय सुजलेले. कमरबी त्याच्या मागं येऊन दारात उभी राहिली. काय झालं ते तिनं त्याला वाटेत सांगितलं होतं. सगळं सांगितलं नव्हतं.

कोंबडा बाजेच्या खुराला होता. बाज रिकामी होती. मुजावरानं कोंबड्याच्या पायाकडं बघितलं.

"हकीमानं सांगितल्यावरबी ह्याला कापला न्हाई?"

पुंजाराम जमीन उकरत होता.

"पीरसाहेब लेकराच्या तोंडचं घेतो व्हय रे?" मुजावर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. डोळे वाहत होते, ते त्यानं पुसलेही नाहीत. "दुसरा दिला असता. पुढच्या साली दिला असता. न्हाईच दिला असता तर त्यानं काय मागायला यायचं हुतं? कुनाला तरी विचारायचं, झुंबर. मी न्हवतो, पन कुनाला तरी विचारायचं."

कमरबीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. पुंजारामनं मान वर केली आणि बायकोकडं बघितलं. त्या सकाळी ती शेजारी गेली होती हे त्याला माहीत होतं. तिथं काय बोलणं झालं, हे त्यानं विचारलं नव्हतं.

झुंबरबाईनं दाराकडं बघितलं. हातावरच्या खपल्या अजून पडल्या नव्हत्या.

"विचारलं न्हाई," ती म्हणाली. "कुनालाच विचारलं न्हाई."

मग ऊन उतरलं म्हणून ती उठली, कोंबड्याला काखेत घेऊन बाहेर गेली, डालगं उपडं घातलं आणि वर दगड ठेवला.

सहा वर्षांपूर्वी, फसली तेराशे चौतीस साली, कमरबीच्या मुलीच्या नवसाचा कोंबडा मुंगसानं नेला होता. कमरबीनं मुजावराला न सांगता उरुसात दुसरा दिला. मुलगी त्यानंतर नवव्या दिवशी गेली.