रुग्णाच्या वतीने
विद्यापीठात तिला सगळे पोटकलमबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची बिशाद होती! कायदा शिकवता शिकवता सव्वीस वर्षांपूर्वी ती दवाखान्यांच्या भानगडीत शिरली आणि पुन्हा काही बाहेर आली नाही. मूत्रपिंड कोणी कोणाला द्यावं, नव्या औषधाची चाचणी कोणावर करावी, संमती म्हणजे नेमकं काय, असल्या प्रश्नांचा कीस काढण्यात तिची हयात गेली. आता ती सरकारी समितीत नवा कायदा लिहीत होती आणि गाडं अडलं होतं कलम नऊपाशी. माणूस बेशुद्ध असेल, तर उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे त्याच्या वतीने कोणी सांगायचं?

मसुदा तिचाच होता. आधी नवरा किंवा बायको, मग मुलं, मग आईवडील, मग भावंडं. मंगळवारी शेवटची बैठक, तिथे एकदा हात वर झाले की सुटले, असं तिला वाटत होतं.

यादीला पुरावा हवा म्हणून तिने एक प्रश्नावली केली आणि सवयीप्रमाणे पहिली प्रत आईपुढे ठेवली. आईला कळलं तर सगळ्यांना कळेल, असा तिचा हिशेब. "म्हणजे सगळ्यांत ढ मीच, असंच ना?" असं म्हणत आईने रविवारी सकाळी चष्मा लावला, पेन घेतलं आणि पहिल्याच रकान्यात सुनेचं नाव लिहिलं.

"आई, ज्याने तुझा निर्णय घ्यायचा, त्याचं नाव हवंय इथे."

"तेच लिहिलंय."

"अगं, मी आहे ना! सगळं आयुष्य यातच गेलं माझं."

"म्हणून तर."

तिला वाईट वाटलं. चांगलंच लागलं, खोटं कशाला सांगा? दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. पण हिचा स्वभाव चौकस. हिने खुर्ची आणखी पुढे ओढली. "का, ते तरी सांग."

"बाबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता पुरे. तू म्हणालीस, आणखी एक तपासणी करू. मग आणखी एक. असे अकरा दिवस काढले. तू रिपोर्ट वाचत होतीस आणि तुझी वहिनी त्यांचे पाय चेपत होती. त्यांना नको झालंय, हे मला हिने सांगितलं." आईने चष्मा काढला. "तुझी माया कमी आहे असं नाही गं. तू मला सोडणारच नाहीस. ही रडेल, पण सोडेल."

"ताई, मला नका हो यात गुंतवू!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली.

"तुला कोणी विचारलंय?" आई म्हणाली.

"तेच तर म्हणतेय! विचारायला नको का?"

खरंच की! पोटकलमबाईने तेही प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला टिपून घेतलं. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या यादीत सून कुठेच नाही. आपलाच कायदा आईला धुडकावून आपल्याला खोलीत बोलावणार आणि वहिनीला दाराबाहेर उभं करणार.

सोमवारी तिने विभागात दिसेल त्याला धरलं. कारकुनाने शेजाऱ्याचं नाव दिलं. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तर घटस्फोटित बायकोचं. "तिला माझं सगळं माहीत आहे आणि माझ्याकडून तिला काही नको आहे," ते म्हणाले. ती इतकी हसली, की त्यांनाही हसावं लागलं.

मंगळवारी अध्यक्ष वैतागले. "वर्षभर या यादीसाठी भांडलात, आता काय झालं?"

"लोकांना विचारून बघितलं," ती म्हणाली. "आधी विचारलंच नव्हतं."

तीन तास खडाजंगी झाली. माणसाने स्वतः नेमलेली आणि जबाबदारी कबूल केलेली व्यक्ती सगळ्यांच्या वर, कोणीच नेमलं नसेल तरच यादी, असं एका मताच्या फरकाने ठरलं. शिवाय दवाखान्याच्या जिन्यात नंतर भांडणं नकोत, म्हणून तिने एक पोटकलम घातलं: ज्यांचा हक्क यामुळे जातो, त्या जवळच्या नातेवाइकांनी साक्षीदार म्हणून सही करावी.

कायदा झाला. छापील अर्ज घरी आला. आईने सुनेचं नाव लिहिलं. वहिनीने कबुलीची सही केली. भावाने न वाचताच सही ठोकली. उरली एक जागा.

"कर," आई म्हणाली.

"करते." तिने अर्ज पुढे ओढला. "पण मी जवळ असले तर चालेल ना तुला?"

"वेडी आहेस का? तू हवीसच. तेव्हा तू नुसती मुलगी म्हणून बस."

तिने पूर्ण नावाने सही केली, खाली तारीख घातली आणि मग कितीतरी वेळ तिला पेनाचं टोपण सापडेना.