गॅरेजला सुटलेला घाम

गॅरेजचं दार उघडताच कुबट वासाचा असा भपकारा आला की ल्युबिंकोला तिथल्या तिथं ओकारी आली. आठवडाभर तापानं अंथरुणात काढून तो आज कुठं कामाला लागणार होता. भिंतींवर काळी-हिरवी लव चढली होती, छपराच्या पत्र्यावरून थेंब टपकत होते. रंध्यांची पाती, पटाश्या, सगळं गंजलेलं.

बाकावरच्या तांबुरित्साची, त्यानं घडवत आणलेल्या त्या तंतुवाद्याची, पाठ सुटून वर आली होती. सांध्यांतला सरस शेंबडासारखा लोंबत होता आणि वाद्याच्या पोटात पांढरी बुरशी. चार महिन्यांचं काम मातीत! शनिवारी नोवी साद शहराच्या वाद्यवृंदासाठी त्याच्या लेकीची, सेंकाची, निवडचाचणी होती. बाबा नवी तांबुरित्सा देणार म्हणून तिनं क्लबची जुनी परतसुद्धा करून टाकली होती.

"स्तामेना!" तो बायकोवर गरजला. "तुझं ते पिंप उचल आधी! तुझ्या कोबीनं वाटोळं केलं माझं!"

कोपऱ्यात हिवाळ्यासाठी आंबत घातलेल्या कोबीचं पिंप होतं. स्तामेना ओल्या हातांनी धावत आली आणि वाद्याची सुटलेली पाठ जागेवर दाबू लागली.

"अरे, दरवर्षी इथंच तर असतं ते," ती पुटपुटली आणि डोळे पुसत घरात गेली.

तेवढ्यात शेजारचा गाव्रा कोबीचं आंबट पाणी न्यायला तांब्या घेऊन आला. त्याचं आयुष्य शेगड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यानं नाक दाबलं.

"शी! इथं काय मेलंय? आणि ही सिलिंडरवरची ऊबेची शेगडी कधीपासून जळतेय?"

"महिना झाला. यंदाच आणली. मी आजारी होतो तेव्हाही चालू ठेवली, लाकूड गारठू नये म्हणून."

"अरे गाढवा, गॅस जळला की वाफ सुटते. ती गार पत्र्याला लागते नि पाणी होऊन टपकते. तिला बाहेर जायला वाट कुठाय?"

गाव्रानं भिंतीतल्या झरोक्यात हात घातला. आत लाकडी पाचर घट्ट ठोकलेली, भोवती जुना स्वेटर कोंबलेला. त्यानं स्वेटर ओढताच बुळबुळीत गोळा ल्युबिंकोच्या हातावर पडला. त्यातून किडे वळवळत निघाले.

"हे कुणी कोंबलं?"

"मी," ल्युबिंको म्हणाला. "मानेला झोत लागतो ना!" वाऱ्याच्या झोतानं माणूस मरतो, हे त्याला आईनं पाळण्यातच शिकवलं होतं. पाचर त्यानं मापात रंधून बसवली होती.

"मग त्या बिचाऱ्या कोबीला कशाला शिव्या घालतोस?" गाव्रानं तांब्या भरून घेतला आणि तो गेला.

ल्युबिंको खरं काय ते सांगायला स्वयंपाकघरात आला. स्तामेना फोनवर होती.

"सेंका, बाळा, माझंच चुकलं गं. माझ्या कोबीमुळं ओल धरली. बाबांना काही बोलू नकोस हं, ते आधीच खचलेत."

पुढं होऊन फोन घ्यायचा, एवढंच करायचं होतं. त्या बुरशीची, त्या किड्यांची आली नव्हती एवढी शिसारी त्याला स्वतःची आली. तरी तो नळाकडे वळला आणि हात धूत राहिला.