शेजाऱ्यांनी सांगितले की…

“माणसं बदलतात, विदाद, शब्द बदलत नाहीत. तू शब्द धरून कापत जा.” रऊफ उस्तादांनी कामाच्या पहिल्या दिवशी बजावलं होतं. उस्तादांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी कात्री हातात घेतली की विदादच्या कानात तेच बोल यायचे.

अलेक्झांड्रियातल्या त्या जुन्या वर्तमानपत्राची कात्रणांची खोली तिच्याकडे होती. ईद होऊन आठवडा झाला होता. संपादकांना लेखासाठी ‘शेजारी’ हा शब्द असलेल्या बातम्या हव्या होत्या. मुद्रितं तपासणारे सबरी समोर बसून वाचत होते.

एका घराला आग लागली, तर शेजाऱ्यांनी चादर ताणून दोन लेकरं झेलली. वरच्या गॅलरीतल्या ओल्या कपड्यांचं पाणी ठिबकलं म्हणून शेजारी कोर्टात गेले. लग्नाला खुर्च्या शेजाऱ्यांच्या. परदेशाच्या पानावर शेजारी देशाने सरहद्द बंद केलेली.

“आणि हे बघा, चारच ओळी,” सबरी म्हणाले. “एकटी राहणारी वृद्धा घरात पडली, दोन दिवस तशीच होती. शेजाऱ्यांनी सांगितले की काहीच ऐकू आले नाही. काय सांगता! मी खोकलो तरी आमची वरची बाई जिन्यातून औषध सांगते. हे असले बहिरे शेजारी कुठे मिळतात, विदादबाई? मी आजच बिऱ्हाड हलवतो.”

विदाद हसली नाही. “माझ्या जिन्यात मिळतात,” ती हळूच म्हणाली. “ती शेजारीण मीच.”

सबरींनी चष्मा काढला.

रमजानात भिंतीपलीकडच्या इन्साफबाईंनी तिला ताटभर कुनाफा, शेवयांची गोड मिठाई, पाठवला होता. शेजारचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं. विदादला वाटलं, तितक्याच तोलाचं काही करून देऊ. आधी साजूक तूप आणायचं राहिलं, मग बदाम. दिवस गेले तशी लाज वाढली. इन्साफबाईंच्या दारावरून ती पाय न वाजवता जाऊ लागली.

“भिंतीवर ठक ठक ऐकू आलं, सबरी. दोन दिवस. मला वाटलं, ताट मागतायत. मी रेडिओ मोठा केला. त्या पळीने भिंत ठोकत होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं.”

“बातमीदाराला मग तसं का सांगितलंत?”

“सगळा जिना ऐकत होता ना.” तिने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. ईदनंतरचे सहा ऐच्छिक रोजे ती त्याच दिवसांत धरत होती. एकही चुकला नव्हता.

“आता कशा आहेत त्या?”

“इस्पितळात. स्ट्रेचरवरून नेताना माझा हात धरून विचारलं, ‘येशील ना?’ म्हटलं, उद्या येते. आज चौथा दिवस. कुठलं तोंड घेऊन जाऊ?”

“आहे तेच घेऊन जा,” सबरी म्हणाले. “त्यांना दुसरं कुठलं ओळखू येणार?”

विदादने त्या चार ओळी कापल्या, इतर कात्रणांत लावल्या आणि जाड गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. “संपादकांना द्या. विचारलं तर खरं सांगा.”

दुपारची नमाज तिने त्याच खोलीत अदा केली. मग जिना उतरून इस्पितळाकडे जाणाऱ्या ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.